दोन गोल चढले की

मुलांनो, जरा डोळे मिटा. मिटलेत? फटीतून बघायचे नाही हं. आता अशी कल्पना करा, की तुम्हाला पोहता येते. नुसते येत नाही, मासोळीसारखे येते. आणि एके दिवशी शहरातून एक मोठे साहेब येतात, तुम्हाला पोहता येते की नाही ते तपासायला. तुम्ही आनंदाने तळ्याकडे धाव घेता, तर साहेब म्हणतात, "तळ्याकडे कुठे निघालास? आधी तुझे कान मोजू." मग कान मोजून होतात, नाक मोजून होते, दात मोजून होतात. पाण्यात मात्र तुम्हाला कोणी उतरू देत नाही, कारण तुमच्या पोहण्याने म्हणे पाणी गढूळ होईल.

हसू नका. उमरोळीजवळच्या एका पाड्यावरच्या जिवल्याचे अगदी असेच झाले. फक्त तळ्याच्या जागी फुटबॉल होता.

ही गोष्ट एकोणीसशे सहासष्ट सालची. तारापूरला तेव्हा अणुवीज केंद्राचे मोठे बांधकाम चालले होते आणि तिथे परदेशी इंजिनियर राहायला आले होते. त्यांच्यातल्या एकाने आपला जुना फुटबॉल जिवल्याच्या शाळेतल्या सावे गुरुजींना देऊन टाकला. गुरुजींनी तो मुलांना दिला. त्यातली हवा आधीच गेलेली होती, म्हणून मुलांनी तो उसवला, आत वाळके गवत ठासून भरले आणि पुन्हा शिवून टाकला. तो उसळी घ्यायचा नाही, पण पळायचा. भात कापून झालेल्या खाचरात, खुंटांवरून, उघड्या पायांनी मुले तो खेळायची. गोल म्हणजे दोन दगड.

या खेळाचे नियम मुलांना कोणी शिकवले नव्हते, त्यामुळे त्यांनी आपले आपण केले. त्यातला सगळ्यात पक्का नियम असा, की एका बाजूचे दोन गोल चढले की चढलेल्या बाजूचा सगळ्यात चांगला गडी पलीकडे जाणार. यात विचार करण्यासारखे काही आहे असे पाड्यावर कोणालाच वाटत नसे. आपली लावणी उरकली आणि शेजाऱ्याची राहिली, तर आपण बांधावर बसून त्याची मजा बघतो का? त्याच्या चिखलात उतरतो. तसेच हे. शिवाय पाड्यावर मुले मोजकीच. हरणारी रुसून घरी गेली, तर जिंकणाऱ्यांनी काय बाभळीशी खेळायचे?

जिवल्या सगळ्यात चांगला खेळायचा. म्हणून दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा बाजू बदलायची पाळी त्याच्यावरच यायची. संध्याकाळी आई बायडीने विचारले, "आज जिंकला का हरला रे?" तर तो म्हणायचा, "दोनी."

गावातल्या शाळेत चौथीच्या पुढे वर्ग नव्हता. भात झोडून झाले की जिवल्याचे आईबाप दरवर्षी वसईकडे वीटभट्टीवर जात, आणि यंदा जिवल्याने बरोबर जायचे ठरले होते. धाकट्या चिमीला सांभाळायचे आणि जमेल तेवढ्या विटा उचलायच्या. शाळा संपली, असे कोणी म्हटले नव्हते. म्हणायची गरजच नव्हती.

अशात सावे गुरुजींनी एक बातमी आणली. सरकारी शोध समितीचे साहेब पालघरला येणार होते. जिल्ह्यातली गुणी मुले ते निवडणार आणि निवडलेल्या मुलाला पालघरच्या वसतिगृहात खाट, दोन वेळचे जेवण, पाचवीपासून पुढची शाळा आणि संध्याकाळी फुटबॉल. सगळे फुकट.

जिवल्याचा बाप गोमा अंगणात पेंढा बांधत होता. तो म्हणाला, "गुर्जी, बॉल मारायचं जेवण देतात?"

"देतात."

"कोन येडा देतो?"

"सरकार देतं."

गोमाने पेंढीची गाठ आवळली. "मंग घेऊन जा त्याला. पन येत्या सोमवारी आमी निघनार. तवर काय ते ठरवा. नाय झालं तर पोरगं आमच्यासंगती."

म्हणजे जिवल्यापुढे दोनच जागा होत्या. पालघरची खाट, नाहीतर वसईची भट्टी.

शनिवारी सकाळी गुरुजी जिवल्याला घेऊन शटल गाडीने पालघरला उतरले. शाळेच्या मैदानावर पन्नासएक मुले जमली होती. एका कडेला टेबल, टेबलावर पांढरी चादर, आणि चादरीमागे टिपणीससाहेब. साहेबांनी फुटबॉलवर इतका अभ्यास केला होता, की खेळायला त्यांना कधी सवडच मिळाली नव्हती. त्यांच्या शेजारी धर्माजीमास्तर, कवायतीचे शिक्षक, गळ्यात शिट्टी आणि हातात टेप घेऊन उभे होते. साहेबांच्या जीपमध्ये मागच्या सीटवर नवा कोरा पिवळा फुटबॉल होता. मुले काचेला नाक लावून तो बघत होती. मास्तर येऊन त्यांची नाके काचेवरून उठवत होते.

"मुलांनो," टिपणीससाहेब म्हणाले, "आमची पद्धत संपूर्ण शास्त्रीय आहे. गुण हा मापात असतो. तुम्ही फक्त स्थिर उभे राहा."

गुणी खेळाडू शोधायची ही पद्धत खरोखरच सोपी होती. धावणारी मुले मोजायला कठीण, म्हणून आधी सगळ्यांना उभे करायचे.

उंची मोजली. दंड मोजले. छाती फुगवून मोजली, सोडून मोजली. शाळेत वजनकाटा नव्हता, म्हणून सगळ्यांना रांगेने स्टेशनच्या पार्सल ऑफिसात नेले. तिथे काट्यावर गवताच्या गासड्या चढत होत्या. त्या उतरवून मुले चढवली. हमालाने एकेकाकडे बघून मास्तरांना विचारले, "भाडं कुठपर्यंतचं लावू? मुंबई का सुरत?"

रांगेत जिवल्याच्या पुढे वामन होता. बोईसरच्या भातगिरणीवाल्यांचा मुलगा. उंच, गोरा, पायात खरेखुरे फुटबॉलचे बूट. काट्यावरून तो उतरला तेव्हा मास्तरांनी त्याच्याकडे असे पाहिले, की जणू त्याने गोलच केला.

"तू रोज काय खातोस?" जिवल्याने त्याला विचारले.

"भात. तू?"

"मी पन भातच. पन तुमची तर गिरनी हाय."

वामनला हसू आले. "अरे, गिरणी कोण खातं?"

मग तोंडी परीक्षा. टिपणीससाहेबांनी जिवल्याला विचारले, "गोलच्या खांबाची उंची किती?"

जिवल्याने दगड डोळ्यांपुढे आणले. "आमच्या गोलाला उंची नाय, साहेब. नुस्ती रुंदी हाय."

"उजव्या पायाने मारतोस की डाव्या?"

"जो जवळ असंल त्यानं."

मास्तरांची पेन्सिल अडली. त्यांच्या तक्त्यात उजवा आणि डावा असे दोनच रकाने होते. जवळचा पाय असा रकाना शास्त्राला माहीतच नव्हता. त्यांनी साहेबांकडे पाहिले, आणि साहेबांनी मान हलवली. दोन्ही रकान्यांत शून्य पडले.

दुपारी साहेब आणि मास्तर कोणाच्या तरी ओटीवर तळलेले पापलेट जेवायला गेले. मुलांनी आणलेल्या भाकऱ्या खाल्ल्या. साहेब परत आले ते सुपारी चघळत, आणि त्यांनी उभ्याउभ्याच नावे वाचून दाखवली. पहिले नाव वामनचे. नंतर इतरांची. जिवल्याचे नव्हते.

"एक खाट रिकामी राहिली आहे," साहेब म्हणाले. "पण मापात बसेल असा मुलगा नाही. जाऊ दे रिकामी."

जिवल्याने गुरुजींकडे पाहिले नाही. तो खाली आपल्या पायांकडे बघत राहिला. विटा किती जड असतात, हे त्याला गोमाने एकदा सांगितले होते. ओली वीट वाळलेल्या विटेपेक्षा जड.

सावे गुरुजी टेबलापाशी गेले. "साहेब, एकदा याला खेळताना बघा."

"खेळताना?" साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "सावे, याची छाती जेमतेम एक इंच फुगते."

"हो साहेब. पण बॉल—"

"बॉल काय कोणीही मारतो हो!"

तरी गुरुजी हलले नाहीत. शेवटी साहेबांनी घड्याळ पाहिले. परतीला अजून वेळ होता आणि पापलेट जड झाले होते. एखादा सामना बघायला हरकत नव्हती. मास्तरांनी जीप उघडली आणि फुटबॉल दोन्ही हातांत, देव्हाऱ्यातून देव काढावा तसा बाहेर काढला. सात मुले इकडे, सात तिकडे. इकडच्यांच्या दंडाला लाल फिती. जिवल्या लाल बाजूला, वामन पलीकडे.

आता या सामन्याचे काय सांगावे! हवेने भरलेला बॉल जिवल्याच्या पायाला आयुष्यात पहिल्यांदा लागला. पहिल्या लाथेला तो थेट रस्त्यावर गेला, कारण गवताच्या बॉलला मारतात तेवढ्या जोराने त्याने तो मारला होता. दुसऱ्या वेळी त्याने पायाला समजावले. तिसऱ्या वेळी बॉल त्याच्याबरोबर चालू लागला, ओळखीचे वासरू चालते तसा. वामनच्या बुटांमधून तो निघाला, आणखी दोघांना मागे टाकले, आणि गोल. थोड्या वेळाने पुन्हा गोल.

टिपणीससाहेबांनी सुपारी चघळायचे थांबवले. मास्तर पुढे सरकले. सावे गुरुजींनी दोन्ही हात एकमेकांत गच्च धरले.

आणि इथे जिवल्याने जे केले, ते करताना त्याच्या मनात काहीसुद्धा नव्हते. जेवण झाल्यावर आपण हात धुतो ना, तसे त्याने दंडाची लाल फीत सोडली, पलीकडच्या बाजूच्या सगळ्यात ढिल्या मुलाच्या हातात दिली आणि म्हणाला, "तू जा तिकडं."

वामन बघतच राहिला. "अरे, हे काय?"

"दोन झाले ना?"

"मग?"

"मंग मी आता तुमचा. दे बॉल."

वामनला काही कळले नाही, पण बॉल दिला. जिवल्या तो घेऊन निघाला आणि मघाच्या आपल्याच बाजूवर त्याने गोल चढवला. मैदानावर एकच गोंधळ. मास्तरांनी इतक्या जोरात शिट्टी फुंकली, की स्टेशनवरचा हमाल गाडी सुटली समजून धावत आला.

टिपणीससाहेब चादरीमागून बाहेर आले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा बूट रेघेच्या आत पडत होता.

"ए मुला! तू कोणाच्या बाजूचा?"

"आता यांच्या."

"आणि मघाशी?"

"मघाशी त्यांच्या."

"हा काय तमाशा आहे?"

जिवल्याने त्यांना नियम समजावून सांगितला. दोन गोल, चांगला गडी, पलीकडे. नीट, हळू, लहान मुलाला सांगावे तसा सांगितला, कारण इतकी साधी गोष्ट न समजणारा मोठा माणूस त्याने अजून पाहिला नव्हता.

साहेब गुरुजींकडे वळले. "ऐकलंत, सावे? उद्या हा देशाकडून खेळायला गेला आणि दोन गोल चढले, की हा जाऊन त्यांच्या बाजूने खेळणार! राष्ट्राची अब्रू काय राहील?"

"साहेब, मूल आहे," गुरुजी म्हणाले. "त्यांच्याकडची रीत आहे ती. सांगितलं तर ऐकेल."

"रीत! जिंकता येत असताना न जिंकणे ही काय रीत झाली?" साहेबांनी थोडा विचार केला. ते दुष्ट नव्हते, फक्त मोजण्याची सवय लागलेले होते. दुसरा गोल त्यांच्या डोळ्यांसमोरून जात नव्हता. "ठीक. पुन्हा पहिल्यापासून खेळा. हा मुलगा लालच्या बाजूला राहील. शेवटच्या शिट्टीपर्यंत पलीकडे गेला नाही आणि लाल बाजू जिंकली, तर ती खाट याची. नाहीतर नाही."

गुरुजींनी जिवल्याला बाजूला घेतले. "ऐक बाळा. पाड्यावरचं पाड्यावर. इथं नुसतं जिंकायचं. पाय हलू द्यायचा नाही पलीकडे. समजलं?"

"पन गुर्जी, मंग ती पोरं—"

"ती पोरं घरी जातील आणि जेवतील. तुला वसईला जायचंय का?"

जिवल्याने मान हलवली. वसईला जायचे नव्हते.

खेळ पुन्हा सुरू झाला. जिवल्याने एक गोल केला. मग दुसरा. दोन-शून्य. साहेब खुर्चीवर पुढे सरकून बसले आणि म्हणाले, "बघा! आता दिसते आहे जिद्द!" जिद्द कशी मोजायची याचाही विचार त्यांच्या मनात सुरू झाला असावा, कारण त्यांनी टेप हातात घेतली.

जिवल्या मात्र उभा होता. त्याचे पाय आपोआप पलीकडे वळत होते आणि तो ते धरून ठेवत होता. समोरची मुले कमरेवर हात ठेवून उभी होती. त्यांचा गोल राखणारा चिमुरडा सातपाटीचा होता. तो खांबाला टेकून खाली बसला आणि गवताच्या काड्या तोडू लागला. "मी नाय खेलत आता," तो म्हणाला. वामनने बुटाची नाडी सोडायला घेतली.

"जिवल्या!" गुरुजी रेघेबाहेरून दबक्या आवाजात म्हणाले. "थोडाच वेळ राहिलाय. उभा राहा गपचूप. काही करू नकोस."

काही करायला नको होते. नुसते उभे राहायचे, की खाट मिळणार होती.

जिवल्याने साहेबांकडे पाहिले, मग आपल्या बाजूच्या मुलांकडे. साहेबांनी पलीकडे जायला बंदी केली होती ती त्याला. बाकीच्यांचे नाव साहेबांनी काढलेच नव्हते.

"ए," तो आपल्या बाजूच्या दोन चपळ पोरांना म्हणाला, "तुमी जा तिकडं."

"आमी का?"

"मला जाता येत नाय. नायतर मीच गेलो असतो."

ती दोघे एकमेकांकडे बघून हसली. निवड तर मापांवर दुपारीच होऊन गेली होती, त्यामुळे त्यांचे जायचे काही नव्हते. फिती सोडून ती पळाली. ते पाहून तिसरा म्हणाला, "मी पण!" चौथा तर विचारायलाही थांबला नाही. बघता बघता लाल बाजूला राहिले दोघे, जिवल्या आणि त्याचा गोल राखणारा.

"मास्तर!" साहेब ओरडले. "शिट्टी!"

मास्तरांनी शिट्टी तोंडात धरली आणि तशीच ठेवली. "कशाबद्दल वाजवू, साहेब?"

"नियम मोडला म्हणून!"

"कितवा?"

नियमांचे पुस्तक जीपमध्ये होते. मास्तर ते आणायला धावले.

इकडे सातपाटीचा चिमुरडा उठून उभा राहिला होता. वामनने सोडलेली नाडी तशीच लोंबत ठेवून बॉलमागे धाव घेतली. बाराजणांनी मिळून एक गोल केला, मग दुसरा. दोन-दोन. एवढा आरडाओरडा त्या मैदानाने सकाळपासून ऐकला नव्हता. सावे गुरुजींनी मात्र डोक्याला हात लावला. हातात आलेली खाट पोराने आपल्याच हाताने सोडून दिली होती.

मास्तर पुस्तक चाळत परत आले. "साहेब, यात तर असलं काहीच लिहिलेलं नाही."

"मग वेळ बघा वेळ! संपत आली ना?"

"संपतच आली, साहेब."

बॉल मैदानाच्या मध्यावर जिवल्याच्या पायाशी होता. त्याने आजूबाजूला पाहिले. द्यायला कोणी नव्हते. समोरून बाराचे बारा त्याच्यावर धावून आले, ओरडत, हसत, एकमेकांना ढकलत. गोल राखायला कोणी राहिलेच नव्हते, कारण तो चिमुरडाही राहवेना म्हणून पुढे आला होता. जिवल्या जागचा हलला नाही. सगळे अगदी अंगावर आले, तेव्हा त्याने बॉल एका पायाखालून दुसऱ्या पायाखाली नेला, जो जवळ होता त्या. वामन त्याच्या डावीकडून पडला, दोघेजण वामनवर पडले, आणि त्या ढिगाऱ्याच्या कडेने जिवल्या बाहेर निघाला. पुढे मोकळे मैदान आणि दोन खांब.

तो धावत गेला आणि रेघेवर बॉल पायाखाली दाबून थांबला. मागून वामन उठून पळत येत होता. मास्तरांनी शिट्टी ओठांवर नेली होती. साहेब उभे राहिले होते.

"साहेब," जिवल्या मोठ्याने म्हणाला, "दोनाचा फरक नाय चालत आमच्यात. एकाचा चालतो."

आणि त्याने टाचेने बॉल आत ढकलला.